अमळनेरहून दोन-अडीच तासांत अंधार कुठे मिळतो: आमच्या नोंदी

२४ सप्टेंबर २०२३, रविवार

आजपासून वहीत लिहायचं ठरवलं. मागच्या वर्षी कुठे गेलो, काय दिसलं हे सगळं डोक्यात ठेवलं आणि डोक्यात आधीच कुणाची साडेसात एचपीची मोटार जळाली नि कुणाची पाचची, त्यामुळे दिवाळीपर्यंत सगळं साफ.

२३ ऑगस्टला चंद्रयान उतरलं तेव्हापासून गल्लीतली पोरं मागे लागलीत, काका दुर्बीण काढा. दुर्बीण म्हणजे सहा इंची डॉबसोनियन, बघणाऱ्याला गीझर वाटतो. चार वर्षांपूर्वी घेतली, हिला किंमत अजून पूर्ण सांगितलेली नाही. काल गच्चीवर लावली, शनीची कडी दाखवली, पोरं खूश. मग पुतणी म्हणाली देवयानी दीर्घिका दाखवा. झालं. चौकात नवीन हायमास्ट, समोर गणपती मंडळाचे हॅलोजन, वरून चंद्र अर्ध्याच्या पुढे गेलेला. भाद्रपदा नक्षत्रांचा जो मोठा चौकोन आहे त्याचे चार कोपरे कसेबसे सापडले आणि आत एकही तारा नाही. देवयानीच्या जागी दुधात पाणी घातल्यासारखं आकाश.

मी मोटार रिवाइंडिंगवाला, लाइटीचं मला कळतं. या नवीन पांढऱ्या एलईडीत निळा भाग जास्त असतो आणि निळा उजेड हवेत जास्त पसरतो, दिवसा आकाश निळं दिसतं त्याच कारणाने. त्यात फिटिंग तिरकं बसवलं की अर्धा उजेड रस्त्यावर आणि अर्धा चांदण्यांवर. हे कुणाला सांगायला गेलं की म्हणतात तुम्हाला काय चोर पाहिजेत का गल्लीत.

तर प्रोजेक्ट असा. भूगोलाचे सर, माझा मेहुणा, पुतणी आणि मी असे चौघं मिळून खान्देशात अशी जागा शोधायची जिथे अमळनेरहून दोन-अडीच तासांत पोचता येईल, रात्री थांबता येईल, गाडी जाईल आणि बायकापोरांना नेता येईल. अंधार मोजायला मीटर घ्यायचा तर खर्च, म्हणून साधा हिशोब: त्या चौकोनात नुसत्या डोळ्यांनी किती तारे दिसतात ते मोजायचे, प्रत्येकाने वेगवेगळे, एकमेकांना न सांगता. चौकोन मावळायला लागला की मग मृगातले. सरांनी बॉर्टलचा तक्तापण प्रिंट काढून दिलाय, १ म्हणजे एकदम काळं आकाश आणि ९ म्हणजे मोठ्या शहराचा मध्य. आमची गच्ची मी ७ धरली, सर म्हणाले ८ धरा.

यादीत लळिंग, पाटणादेवी, पद्मालय, उनपदेव, पाल, साक्रीकडचं पठार आणि अर्थात तोरणमाळ.

दुपारी दुकानात तापीकाठचे आबा मोटार न्यायला आले होते. यादी बघून म्हणे, "मना वावरमा ये ना मंग. तठे तर काळाकुट अंधार रहास." मी हसलो. वावरात काय जायचं, जरा उंची पाहिजे, स्पॉट पाहिजे.

१५ ऑक्टोबर, पहाटे

लळिंगहून परत. झोप नाही, पण आत्ताच लिहितो.

काल सर्वपित्री अमावस्या. घरी पितरांचं जेवण, खीर-वडे सगळं झालं आणि मी चार वाजता गाडी काढली तेव्हा आईने जे बघितलं ते लिहीत नाही. मेहुण्याच्या घरी तर सरळ विचारलं की अमावस्येच्या रात्री किल्ल्यावर कशाला मरायला जाता. आता अमावस्येशिवाय चांदण्या कशा बघायच्या हे कुणाला समजवायचं.

धुळ्याच्या पुढे आग्रा रोडला लागूनच किल्ला, त्यामुळे पोचायला सोपं हाच गुण आणि हाच दोष. वर चढलो नाही, खालच्या उतारावर सपाट जागा बघून मांडलं. दक्षिण बरी आहे. उत्तरेला मात्र धुळं पेटल्यासारखं. आपल्याकडे ध्रुव तारा क्षितिजापासून फक्त २१ अंशांवर, जेवढा अक्षांश तेवढीच त्याची उंची. हात लांब करून मूठ धरली की साधारण १० अंश, म्हणजे दोन मुठींवर ध्रुव. धुळ्याचा उजेड तीन मुठी वर गेलेला. ध्रुव दिसला पण आजारी माणसासारखा. खाली हायवेवर ट्रक वळला की त्याचा अप्पर सरळ डोळ्यात, आणि डोळा अंधाराला सरावायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात, म्हणजे रात्रभर सरावतच बसायचं.

चौकोनात: मला ३, सरांना २, पुतणीला ५ (तिचे डोळे चांगले आहेत का ती फेकते हे अजून कळलं नाही). देवयानी बायनाक्युलरने लगेच सापडली.

साडेदहाला खालून तीन जण काठ्या घेऊन वर आले. आम्ही चौघं, अमावस्या, किल्ला, लाल कागद लावलेली बॅटरी, लांब नळकांडं. त्यांना वाटलं गुप्तधन काढायला आलेत. पहिला प्रश्न, "खड्डा कुठे केलाय?" सरांनी भूगोलाचे सर आहोत सांगितलं, त्यावर एकजण म्हणतो मागच्या वेळचे पण सरच होते. शेवटी मी त्यांना शनी दाखवला. काठीवाले काका एक मिनिट डोळा लावून बसले, मग बाजूला होऊन नुसत्या डोळ्याने वर बघितलं, परत डोळा लावला. "कडं आहे की त्याला." मग बाकीच्यांना हाका. बारा वाजेपर्यंत आम्हाला आमची दुर्बीण मिळाली नाही.

शेरा: शनी, गुरू, चंद्र दाखवायला ठीक. बॉर्टल ५-६. जाण्याआधी गावात सांगून जायचं, हे सगळ्यात वर लिहून ठेवतो.

२९ ऑक्टोबर

कोजागरी आणि चंद्रग्रहण एकाच रात्री, गच्चीवरच केलं. ग्रहण रात्री १.०५ ते २.२४, मध्य १.४४ ला, आणि चंद्राच्या व्यासाचा जेमतेम आठवा भाग खाल्लेला. पण भांडण मोठं. वेध दुपारपासून लागले म्हणून दूध आटवायचं का नाही यावर बिल्डिंगमध्ये दोन पक्ष. तडजोड अशी झाली की दुधात तुळशीचं पान टाकलं आणि नऊच्या आत पिऊन टाकलं. मग ज्यांनी ग्रहण बघू नये म्हणून सांगितलं तेच दीड वाजता शाल पांघरून वर हजर. चंद्राच्या शेजारी गुरू एवढा तेजस्वी होता की निम्म्या लोकांनी आधी त्याचाच फोटो काढला.

चंद्राचा तो खालचा कडेचा चावा बघून पृथ्वीची सावली गोल आहे हे पोरांना आपोआप कळतं, काही बोलावं लागत नाही.

१३ नोव्हेंबर

दिवाळी. धूर. काही नाही.

एक गंमत मात्र लिहितो. आमच्या गावात मंगळ ग्रहाचं मंदिर आहे, मंगळवारी लांबून लांबून लोक येतात. काल एका पाहुण्यांनी हौसेने विचारलं की आत्ता मंगळ कुठे आहे दाखवा दुर्बिणीतून. मी म्हटलं सध्या सूर्याच्या मागे आहे, १८ तारखेला तर बरोबर पलीकडे, दिसायचा नाही. ते म्हणाले, गावात मंदिर आहे आणि तुम्हाला मंगळ दाखवता येत नाही?

१९ नोव्हेंबर, रविवार

काल पाटणादेवी. ही जागा माझ्या मनात सगळ्यात वर होती, अंधारासाठी नाही, भास्कराचार्यांसाठी. चाळीसगावहून दक्षिणेला डोंगराच्या पोटात चंडिकादेवीचं हेमाडपंती मंदिर, आजूबाजूला गौताळा अभयारण्य. इथल्या पाटण गावच्या पडक्या देवळात एक शिलालेख सापडला, १९व्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाडांनी तो उजेडात आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, तो यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी होता, त्याने आजोबांचा सिद्धांतशिरोमणी आणि त्यांचे बाकीचे ग्रंथ शिकवायला इथे मठ काढला त्याचा हा लेख. मठाला दान दिलं ते शके ११२८ च्या श्रावण पौर्णिमेला, चंद्रग्रहणाच्या वेळी. शेवटचा भाग चक्क जुन्या मराठीत, बाजारात येणाऱ्या मालावरचा कोणता हिस्सा मठाला द्यायचा त्याचा हिशोब.

सर हे सांगत होते आणि मला आमच्या बिल्डिंगमधलं दुधाचं भांडण आठवत होतं. आठशे वर्षांपूर्वी याच खान्देशात ग्रहण लागलं तेव्हा शाळेला पैसे दिले.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे १११४, आणि सिद्धांतशिरोमणी लिहिला छत्तिसाव्या वर्षी. आपलं गाव त्यांनी सह्याद्रीपाशी विज्जलविड म्हणून सांगितलंय आणि ते म्हणजे हेच का, यावर विद्वानांचे वाद आहेत. चाळीसगावकरांसमोर वाद काढू नये.

आता प्रॅक्टिकल. अभयारण्य आहे, संध्याकाळनंतर आत थांबू देत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. त्यामुळे ज्या जागेसाठी गेलो तिथे आकाश बघताच आलं नाही. शिवाय तिन्ही बाजूंनी डोंगर, दक्षिण क्षितिज पूर्ण झाकलेलं. मागे येऊन एका ओळखीच्याच्या शेतात थांबलो, चंद्र सव्वादहाच्या सुमारास मावळला आणि मग तासभर सुंदर. चौकोनात मला ६, सर ५, पुतणी ९. कृत्तिका नुसत्या डोळ्यांनी सात मोजल्या. त्यांची सून बाहेर येऊन म्हणाली गॅस चालू आहे, चहा टाकू का. चार वेळा चहा झाला.

शेरा: दिवसा पाटणादेवी, रात्री बाहेर शेत. मुलांची सहल न्यायला एक नंबर, पण आधी परवानगी आणि पाच वाजता बाहेर.

२६ नोव्हेंबर

अवकाळी. आज पद्मालयला जायचं होतं. वेचायला आलेला कापूस झाडावर भिजला, काही भागात गारा. आकाशाबद्दल लिहायचा दिवस नाही.

१५ डिसेंबर, शुक्रवार, दुकान उशिरा उघडलं

मिथुन राशीतल्या उल्कावर्षावासाठी या वर्षी योग जबरदस्त होता. १३ला अमावस्या आणि ऐन भर १४च्या मध्यरात्रीनंतर लगेच, म्हणजे आपल्या डोक्यावर असतानाच. तोरणमाळ ठरलं होतं. पण गुरुवार. सरांना शुक्रवारी सकाळी शाळा, मेहुण्याला सुट्टी नाही, पोरांच्या परीक्षा. मंगळवारी आबा परत दुकानात (तीच मोटार, या वेळी बेअरिंग) आणि मी तोंड वर न करता विचारलं, आबा वावरात आलो तर चालेल का. आबांनी मोठेपणा दाखवला, मी सप्टेंबरात हसलो होतो ते काढलं नाही.

चौघं जायचं ठरलं होतं, गेले तेवीस. वहिनी, शेजारच्या दोन काकू, पोरं, सरांचे दोन विद्यार्थी. आबांनी वांगी काढून ठेवलेली, हिरवी मोठी भरताची, पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजली, कांद्याची पात, ठेचा, कळण्याची भाकरी. साडेनऊपर्यंत कुणी वर बघितलंच नाही. धुराचं मला टेन्शन होतं पण वारा नदीकडे होता.

मग झोपायचं कुठे. खाली दव आणि आबा आल्या आल्या म्हणालेले, "आठे बिबट्या शे, पोरेसले एकटं सोडू नका." उपाय त्यांनीच काढला, ट्रॅक्टरची ट्रॉली मधोमध उभी केली, त्यात गव्हाचा भुसा, त्यावर गोधड्या आणि सगळी पोरं आडवी. इतकी चांगली निरीक्षणाची जागा मी कुठल्या पुस्तकात वाचली नाही. बाजूच्या फळ्यांमुळे आजूबाजूचा दिवा दिसत नाही, वारा लागत नाही, आणि कुणी रात्री उठून भटकत नाही.

पुतणीने एकटीने टिकल्या मारल्या, बाकीच्यांच्या ओरडण्यावर जायचं नाही असा नियम:
रात्री १० ते ११, ३१.
११ ते १२, ४७.
१२ ते १, ६२.
१ ते २, ५८. यात दहा मिनिटं ती झोपली होती हे तिने प्रामाणिकपणे लिहिलंय.

पुनर्वसूच्या दोन ताऱ्यांजवळून सगळ्या फुटल्यासारख्या वाटतात. जशी रास वर चढत गेली तशा उल्का वाढल्या. इतर वर्षाव बहुतेक धूमकेतूंच्या कचऱ्याचे, हा मात्र फेथॉन नावाच्या लघुग्रहाचा. यांचा वेगही जरा कमी, त्यामुळे "ती बघ" म्हणेपर्यंत दिसते तरी. एक पिवळट, साडेबाराची, नदीच्या बाजूला गेली तेव्हा काकूंनी हात जोडले.

आबांचा प्रश्न वेगळाच. मी मृग दाखवला, मधले तीन तारे बाणाचे, खाली व्याध. आबा म्हणे मृग तर जूनला निघतो ना. मी सांगितलं की पावसाचं नक्षत्र म्हणजे सूर्य त्या नक्षत्रात जातो तो काळ, ७-८ जूनला सूर्य मृगात जातो, म्हणजे तेव्हा मृग दिवसा सूर्याबरोबर वर असतो, उजेडात दिसत नाही. आणि डिसेंबरात सूर्य बरोबर उलट्या बाजूला म्हणून मृग रात्रभर. आबा थोडा वेळ गप्प. "म्हंजे जधळ मृग बरसस तधळ तो दिसत नही?" बरोबर आबा. "साठ वरीस झायात मृगनी वाट देखी राहिनू, आज दिसना."

मग त्यांची पाळी. पहाटे तीनला सप्तर्षी वर आले तर म्हणाले ते खाटलं, खाटलाना मांगे तीन चोर शेतस. म्हातारीचं खाटलं चोरायला निघालेत आणि अजून पोचले नाहीत. पुतणीने वहीत सप्तर्षीच्या पुढे कंसात खाटलं लिहून घेतलं.

एक वाजता कृषिपंपाची लाइट आली. या आठवड्यात रात्रपाळी. शेजारपाजारच्या सगळ्या वावरांत एकदम पंपाच्या पेट्यांवरचे पांढरे एलईडी पेटले, ऑटो स्टार्टर ना, माणूस असो नसो. आठ-दहा दिवे. आबांच्या पेटीवरचा तर आमच्याच ट्रॉलीवर. आबा पाणी धरायला गेले तर मी मागे गेलो, तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा होता तो अर्धा कापून दिव्यावर टोपीसारखा अडकवला. उजेड सगळा खाली, पेटीवर आणि चिखलावर, जिथे पाहिजे तिथे. आबा म्हणे, "पहिलेपेक्षा जास्त दिसी राहिनं." अर्थातच, वर जाणारा वाया जात होता तो खाली आला.

चौकोन संध्याकाळी मोजला होता: मी ७, सर ६, पुतणी ९. तोरणमाळची बाजू अजून बघायचीय, पण एवढ्या जवळ ७ येईल असं वाटलं नव्हतं. घरून पाऊण तास.

१४ जानेवारी २०२४, रविवार, शहादा, चहाच्या टपरीवर बसून

तोरणमाळ झालं एकदाचं.

शहाद्याहून वर, सातपायरीचा घाट, वळणं अशी की मेहुण्याने दुर्बिणीची नळी पोराला मांडीवर घेतात तशी धरली. समुद्रसपाटीपासून साडेअकराशे मीटरच्या आसपास. चार वाजता पोचलो, यशवंत तलावापाशी चक्कर, सीताखाईचा कडा दिवसाउजेडी बघून घेतला, कारण रात्री तिकडे फिरकायचं नाही. एवढ्या लांब येऊन पहिला धडा तलावाने दिला: काठावर मांडलं आणि साडेआठला आरशावर, आयपीसवर (डोळा लावायचं भिंग), चष्म्यावर सगळीकडे दव. पंखा नाही, हेअर ड्रायर असता तरी लावायचा कुठे. सगळं उचलून वरच्या मोकळ्या पठारावर नेलं, तिथे वारा होता, दव नाही, पण बोटं कामातून गेली.

आता आकाश. चंद्रकोर आठ-सव्वाआठला गेली आणि नंतर जे उघडलं ते लिहिता येत नाही, आकडे लिहितो. चौकोन पश्चिमेला कलला होता तरी मला ११, सर १०, पुतणी १४. सरांना आता तिचं पटायला लागलंय. थंडीतली आकाशगंगा उन्हाळ्यातल्यापेक्षा फिकी असते, ती इथे मृगाच्या डाव्या बाजूने सरळ वर गेलेली दिसत होती. देवयानी नुसत्या डोळ्याला, तिरकं न बघता. २५ लाख वर्षांपूर्वी निघालेला उजेड, आणि बघणारा नाक पुसतोय. मृगातला तेजोमेघ २५ मिमीच्या आयपीसमध्ये पंख पसरल्यासारखा, त्याच्या पोटातले चार तारे वेगळे वेगळे. साडेअकराच्या सुमारास अगस्त्य बरोबर दक्षिणेला, सोळा अंशांपेक्षा थोडा कमी वर. व्याधानंतरचा सगळ्यात तेजस्वी तारा हाच, आणि उत्तर भारतातल्या किती लोकांना तो धड दिसतच नाही. आपण खाली राहतो त्याचा हा फायदा. पावसाळ्याच्या शेवटी अगस्त्य पहाटे उगवला की पाणी निवळतं असं जुनी माणसं म्हणतात, मी उगवताना कधी बघितला नाही, यंदा बघायचाय.

पण तक्रार पण लिहितो. दक्षिण क्षितिजावर शहादा, दोंडाईचा, पूर्ण सपाटी खाली पसरलेली आणि तिचा पिवळट पट्टा चार-पाच अंशांपर्यंत. काळा अंधार आहे उत्तरेला, सातपुड्यात. दक्षिणेकडची जी खास मजा आपल्या अक्षांशाला मिळते ती नेमकी उजेडाच्या बाजूला. तरी बॉर्टल ३ म्हणायला हरकत नाही, आमच्या यादीत पहिली.

आणि दुसरी गोष्ट. एकटेच होतो. रात्री दोन वाजता एवढं आकाश आणि दाखवायला कुणी नाही. एक पावरा आदिवासी पोरगा मात्र आला, दहावीत होता, घोंगडी घेऊन. त्याला गुरूचे चार चंद्र दाखवायचे होते तर गुरू मावळलेला. मग ताऱ्यांचे गुच्छ दाखवले. त्याला त्याच्या बोलीत कृत्तिकांना काय म्हणतात विचारलं, त्याने सांगितलं, मी थंडीने लिहून घेतलं नाही आणि आता आठवत नाहीये. या प्रोजेक्टमधली सगळ्यात मोठी चूक ही.

खर्च: डिझेल, खोली, जेवण मिळून माणशी बाराशे. बायकापोरं नेली तर बस करावी लागेल, घाटात लहान बसच. म्हणजे वर्षातून एकदा.

१० फेब्रुवारी

पद्मालय. संध्याकाळी देवदर्शन, रात्री ढग. देवळाच्या आवारात दिवे रात्रभर चालू असतात, साहजिक आहे. तळं छान. आकाशासाठी यादीतून कट.

१० मार्च, रविवार

तोरणमाळला काल मेसिए मॅरेथॉनसाठी (मेसिएच्या यादीतले तेजोमेघ, गुच्छ, दीर्घिका एका रात्रीत जमतील तेवढ्या शोधायच्या) जायचं होतं आणि परवाच महाशिवरात्र झालेली! यात्रा असते, लाखाने माणूस येतो, घाटात गाड्यांची रांग, हे सहा महिने कॅलेंडरला अमावस्या गोल करताना एकालाही सुचलं नाही. अमावस्या आणि महाशिवरात्र एका दिवसाच्या फरकाने येणारच, ती वद्य चतुर्दशीच. सरांना फार लागलं ते.

म्हणून साक्रीकडचं पठार, पवनचक्क्यांच्या भागात. जागा मोकळी, क्षितिज चारही बाजूंनी उघडं, वारा मात्र असा की डॉबसोनियन स्वतःच फिरायला लागते, शेवटी गाडीच्या आडोशाला ठेवली. पवनचक्क्यांवर लाल दिवे, सगळे एकदम लुकलुकतात. आधी वाटलं वाट लागली, पण लाल असल्यामुळे डोळ्याची सवय फार मोडत नाही, अर्ध्या तासाने विसरलो. संध्याकाळी पश्चिमेला गुरूच्या दिशेने तिरका फिकट सुळका वर गेलेला दिसला, मी म्हटलं सुरतेचा उजेड, सर म्हणाले राशीप्रकाश, ग्रहांच्या पातळीत पसरलेल्या धुळीवरचा सूर्यप्रकाश. उजेड असता तर खालून पसरट दिसला असता. हरलो.

मेसिएच्या ११० पैकी ३८ झाले. तो बिचारा धूमकेतू शोधत होता आणि जे धूमकेतू नाही त्याची यादी करून ठेवली, आता लोक तीच यादी शोधतात. पावणेतीनला दक्षिणेत ओमेगा सेंटॉरी हा ताऱ्यांचा गोल गुच्छ, साडेएकवीस अंशांवर, बायनाक्युलरमध्ये कापसाचं बोंड. दुर्बिणीत कडेचे तारे साखरेसारखे सुटे. ३८ बाजूला ठेवा, हा एकटा पुरे.

शौचालय नाही, पाणी नाही, सावली नाही, सोबत कुणी ओळखीचं नाही. एक सिक्युरिटीवाला बाइकवर दोनदा आला, नाव-गाव लिहून घेतलं, तिसऱ्यांदा आला तो बघायला आला.

११ एप्रिल

काल पाडव्याचा दुसरा दिवस, आबांच्या वावरात. आता विचारावं लागत नाही, फोन करून फक्त किती माणसं ते सांगायचं. काल एकोणतीस.

धूमकेतू पॉन्स-ब्रूक्स, ७१ वर्षांनी येणारा. पश्चिमेला चंद्रकोर, तिच्या शेजारी गुरू आणि त्याच्या जरा खाली हा. नुसत्या डोळ्याने मला नाही, पुतणी म्हणते दिसला, आता मी वाद घालत नाही. बायनाक्युलरमध्ये अंधुक कापसाचा फाया आणि वर छोटी शेपटी. सगळ्यांना बघायला मिळाला नाही, वीस-पंचवीस मिनिटांत खाली धुळीत गेला आणि रांगेत काकू मागे राहिल्या. परत यायला आणखी ७१ वर्षं हे ऐकल्यावर त्या म्हणाल्या तेव्हा पहिला नंबर माझा.

रात्री बाराच्या पुढे ओमेगा सेंटॉरी इथूनही दिसला. साक्रीसारखा नाही, कडेचे तारे सुटे होत नाहीत, पण बोंड आहे. ट्रॉलीतून. चहा पिता पिता. दक्षिणेला आबांचं घर, त्यामागे गाव, आणि गावाचा दिवा एकच मोठा, तो देवळावरचा.

पुढचं: २५ मेच्या आसपास दुपारी शून्य सावलीचा दिवस, अमळनेरच्या अक्षांशाला सूर्य बरोबर डोक्यावर, शाळेला सुट्टी असते तरी सर पोरांना मैदानात बोलावणार आहेत. वेळ साडेबाराच्या आसपास, घड्याळाचे बरोबर बारा नाही, कारण घड्याळ आपलं मिर्झापूरकडच्या रेखांशाचं.

सकाळी दुकान उघडलं तर आबांच्या शेजारच्या वावरवाले दोघं पायरीवर बसलेले. मोटार घेऊन आले असतील म्हणून मी रजिस्टर काढलं. ते म्हणाले मोटार नाही, आबांच्या पेटीवर लावलाय तसला डबा पाहिजे, पेटीवर उजेड चांगला पडतो आणि किडे कमी येतात म्हणे. किड्यांचं मला माहीत नाही. संध्याकाळपर्यंत चार डबे कापले. पत्र्याची धार लागते, म्हणून कडेला जुनी सायकलची ट्यूब चिरून चढवली. पैसे घ्यायचे का नाही ते ठरलेलं नाही, हिने सांगितलंय घ्या.